हर की दून : पुण्याहून निघून गावांत राहत राहत हा ट्रेक कसा करायचा

हर की दून या हिमालयातल्या दरीत जायचं ठरवत असाल तर पहिली गोष्ट, प्लॅनमध्ये दोन रात्री वाढवा. बहुतेक ग्रुप सांक्री गावाहून निघतात, तंबूत राहतात, वर जाऊन स्वर्गारोहिणी शिखर बघतात आणि परत फिरतात, आणि मधे गंगाड आणि ओसला ही गावं लागतात ती फक्त चहाला थांबण्यापुरती. माझं मत अगदी पक्कं आहे की या दरीत डोंगर जेवढे बघण्यासारखे तेवढीच ही गावंसुद्धा, आणि गावात दोन रात्री जास्त राहिलात की उंचीची सवयही आपोआप होते, म्हणजे एका निर्णयात दोन कामं. त्यामुळे खाली जे लिहितोय ते सगळं हळू जाणाऱ्यांसाठी आहे. ज्यांना चार दिवसांत उरकायचंय त्यांच्यासाठी पॅकेजं भरपूर आहेत.

आधी जागा समजून घ्या. ही दरी उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यात आहे, मोरी गावाच्या वर, गोविंद राष्ट्रीय उद्यानाच्या आत. अभयारण्य झालं १९५५ साली, गोविंद वल्लभ पंतांच्या नावाने. नेटवाड नावाच्या गावाला रूपिन आणि सुपिन या दोन नद्या एकत्र येतात आणि तिथून पुढे नदीला टोन्स म्हणतात, ही टोन्स म्हणजे यमुनेची हिमालयातली सगळ्यात मोठी उपनदी. आपण चालतो ते सुपिनच्या काठाने वर वर. हर की दून साधारण ३५६६ मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, आणि ट्रेक जिथून सुरू होतो ते सांक्रीच १९५० मीटरच्या आसपास, म्हणजे पहिलं पाऊल टाकायच्या आधीच तुम्ही महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच शिखराच्या वर असता. हे डोक्यात ठेवा, कारण सह्याद्रीत दणादण चालणारी पोरं इथे त्याच जोशात सुटतात आणि दुसऱ्या संध्याकाळी डोकं धरून बसतात.

कधी जायचं. दोन सीझन आहेत, एप्रिल मध्य ते जून मध्य आणि मग सप्टेंबर मध्य ते नोव्हेंबरची सुरुवात. एप्रिलमध्ये बुरांश, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, फुललेला असतो, जंगलच्या जंगल लाल, आणि वरच्या भागात बर्फ शिल्लक असतो. मे महिन्यात शाळांना सुट्टी म्हणून गर्दी जास्त. जुलै ऑगस्टमध्ये जाऊ नका, वाट फार अवघड होते असं नाही पण मसुरीच्या पुढचा रस्ता दरडी कोसळून बंद पडतो आणि मग दोन दोन दिवस अडकायला होतं. हिवाळ्यात बर्फातला ट्रेक म्हणून लोक जातात पण पहिल्याच हिमालयन ट्रेकला ते नको. मला विचाराल तर सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचे पहिले दोन आठवडे. पाऊस संपून हवा धुतल्यासारखी होते, शिखरं दिवसभर दिसतात आणि ओसल्याच्या शेतांत रामदाना तयार झालेला असतो. रामदाना म्हणजे आपला उपासाचा राजगिरा. लाडू आणि चिक्की आपण वर्षभर खातो पण राजगिऱ्याचं शेत पुण्यात कितीजणांनी पाहिलंय? पुरुषभर उंच रोपं आणि वर किरमिजी रंगाचे जाड तुरे, अख्खा डोंगरउतार त्या रंगाचा, मागे देवदारचं काळपट हिरवं जंगल आणि त्याच्या मागे बर्फ. फक्त यासाठीसुद्धा ऑक्टोबर निवडावा.

पुण्याहून दिल्लीपर्यंत जायला झेलम एक्सप्रेस आणि गोवा एक्सप्रेस आहेत, दुरांतो पण आहे पण ती रोज नसते, आणि विमान आहेच. दिल्लीहून डेहराडूनला सकाळची शताब्दी किंवा संध्याकाळची वंदे भारत. कशानेही जा पण डेहराडूनला आदल्या दिवशी पोचून रात्री तिथेच झोपा, कारण सांक्री आणि पुरोल्याच्या बस भल्या पहाटे सुटतात, रेल्वे स्टेशनला लागूनच मसुरी बसस्टँड आहे तिथून. शेअर जीपही मिळते. अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे पण वेळ नऊ दहा तास धरा, सगळा घाट आहे. मसुरी, केम्प्टी, मग खाली यमुनेचा पूल, नैनबाग, डामटा, नौगाव, पुरोला, पुढे जरमोल्याचं चिडाचं, म्हणजे पाइनचं जंगल, मग मोरी, नेटवाड आणि सांक्री. ज्यांना घाट लागतो त्यांनी उलटीची गोळी बसमध्ये चढायच्या अर्धा तास आधी घ्या, मसुरी मागे पडल्यावर घेऊन उपयोग नाही. पैसे पुरोल्यालाच काढून ठेवा आणि शंभराच्या, पन्नासच्या नोटा जास्त घ्या, वर गावात पाचशेचे सुटे करायला कोणाकडे नसतात. पुरोल्याला गाडी थांबली की आजूबाजूला भातखाचरं दिसतील, इथला लाल तांदूळ प्रसिद्ध आहे, परत येताना किलोभर घ्या.

याच रस्त्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी कारण ती माहीत असली की पुढे गावात लोकांशी बोलताना बऱ्याच गोष्टी समजतात. या सगळ्या भागाला रवाईं म्हणतात. नौगावच्या जवळ बडकोट आहे आणि तिथे यमुनेच्या काठाला तिलाडी नावाचं मैदान. टिहरी संस्थानाने जंगलावर निर्बंध आणले, गुरं चारायला, लाकूड आणायला बंदी, त्याविरुद्ध रवाईंचे शेतकरी ३० मे १९३० ला तिलाडीला जमले आणि संस्थानाच्या सैनिकांनी त्यांच्यावर गोळीबार केला. कितीतरी लोकांनी जीव वाचवायला यमुनेत उड्या टाकल्या. तो दिवस तिकडे आजही पाळला जातो. आता ओसला, गंगाड ही गावं राष्ट्रीय उद्यानाच्या आत आहेत, रस्ता असो वीज असो जंगल खात्याच्या परवानगीशिवाय काही हलत नाही, त्यामुळे "इथे रस्ता नको, किती छान आहे असंच राहू दे" असं वाक्य गावात बसून बोलू नका. आजारी बाईला पाठीवर किंवा खाटेवर घालून खालच्या तालुका नावाच्या गावापर्यंत आणणाऱ्या माणसाला ते ऐकायला कसं वाटेल याचा विचार करा.

तयारी पुण्यातच करायची आणि निदान दोन महिने आधीपासून. जिममधली ट्रेडमिल पुरत नाही, चढ आणि मुख्य म्हणजे उतार लागतो. रोज सकाळी जमेल ती टेकडी धरा, वेताळ, तळजाई, हनुमान टेकडी, घराजवळ असेल ती. पर्वतीच्या पायऱ्या सलग तीन चार वेळा चढून उतरा. रविवारी सिंहगड, आतकरवाडीच्या वाटेने, पाठीवर सॅक घेऊन, आणि सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून सात आठ किलो वजन करा, रिकाम्या हाताने सिंहगड चढणं म्हणजे तयारी नव्हे. निघायच्या आधी एकदा कात्रज ते सिंहगड किंवा राजगड तोरणा करून बघा, त्यात लांब चालणं आणि सारखं वर खाली दोन्ही होतं, आणि नवीन घेतलेले बूट कुठे चावतात ते इथेच कळतं. हे फार महत्त्वाचं आहे, नवे कोरे बूट घालून सांक्रीला येणारे लोक दर सीझनला दिसतात आणि त्यांच्या टाचांची अवस्था बघवत नाही. वेग वाढवण्याच्या मागे लागू नका, न थांबता, धाप न लागता, शेजारच्याशी बोलत बोलत चार पाच तास चालता आलं की तुम्ही तयार.

सामानाबद्दल थोडक्यात. थर्मल, एक लोकरीचं किंवा फ्लीस, एक जाड जॅकेट, पोंचो, टोपी, हातमोजे, मोज्यांचे चार जोड, हेडटॉर्च, गॉगल, पाण्याच्या दोन बाटल्या, पॉवरबँक. ऑक्टोबरमध्ये वर रात्री पारा शून्याच्या खाली जातो. जीन्स नको, भिजली की वाळत नाही. स्लीपिंग बॅग वगैरे पुण्यात भाड्याने मिळते आणि सांक्रीतही मिळते. कोरडा खाऊ पुण्यातून न्या, शेंगदाण्याचे लाडू, गूळपापडी, भाकरवडी, तिखटमिठाच्या पुऱ्या दोन दिवस टिकतात, पण मॅगीची पाकिटं भरभरून नेऊ नका, का ते जेवणाच्या भागात सांगतो. ओळखपत्राच्या झेरॉक्स चार ठेवा, नेटवाडला जंगल खात्याच्या नाक्यावर नोंद आणि फी होते. सांक्रीच्या पुढे फोन लागेलच असं नाही हे घरी आधीच सांगून ठेवा, म्हणजे कोणी काळजी करत बसणार नाही.

गाइड घ्यायचा का? वाट तशी रुळलेली आहे, हरवण्यासारखं फारसं काही नाही, तरीही घ्या आणि तो ओसला, गंगाड किंवा सांक्रीचाच घ्या. मोठ्या कंपनीमार्फत गेलात तर तंबू, स्वयंपाकी, सगळं बाहेरून येतं आणि गावाला त्यातलं फार थोडं मिळतं. गावचा माणूस सोबत असला की त्याच्या मावशीकडे जेवण, मेव्हण्याकडे मुक्काम, असं सगळं होत जातं आणि तुम्ही पाहुणे होता. दर सांक्रीतच नक्की करा, दिवसाचे किती, परतीचा दिवस धरून की सोडून, त्याचं जेवण कोणाकडे, हे सगळं आधी स्पष्ट बोलून घ्या, नंतरची कुरबुर दोघांनाही त्रासाची. पोर्टर घेतलात तर त्याच्या पाठीवर पंधरा किलोच्या वर देऊ नका आणि त्याच्याकडे धड बूट आणि जॅकेट आहे की नाही ते निघायच्या आधी बघा.

सांक्रीहून तालुका अकरा बारा किलोमीटर, जीपने. तालुका हे गावाचंच नाव आहे. रस्ता दगडधोंड्यांचा, मधे ओढे आडवे येतात. रस्त्याचं काम दरवर्षी थोडं थोडं पुढे सरकतंय त्यामुळे जीप कुठपर्यंत जाते ते सांक्रीत विचारा, पण जीप पुढपर्यंत जात असली तरी मी तर तालुक्यालाच उतरून चाला म्हणेन, कारण नदीकाठची ही वाट फार सुंदर आहे. अक्रोडाची झाडं, देवदार, मधेच लाकडी साकव, सुपिनचं हिरवट पांढरं पाणी सतत उजवीडावीकडे. चढ अंगावर येणारा नाही. पहिल्या दिवशी ओसल्यापर्यंत चौदा किलोमीटर मारायची सगळ्यांना घाई असते, तुम्ही गंगाडला थांबा. नदीपलीकडे गाव आहे, पूल ओलांडून जायचं. दुपारी दोनच्या आत पोचाल, गरम पाणी मागा, पाय बुडवून बसा आणि मग गावात फिरा.

घरं नीट बघा. देवदारचे जाड ओंडके आणि दगड यांचे थर एकावर एक, वर उतरतं छप्पर, पुढे लाकडी सज्जा. खाली गुरं, वर माणसं. गुरांच्या अंगाची ऊब वर येते, थंडीच्या दिवसांत तिचा मोठा आधार. धान्याची कोठारं घरापासून वेगळी, छोटी लाकडी खोली, दाराला भलंमोठं कुलूप. वेगळी का, तर आग. सगळी घरं लाकडाची आणि एकमेकांना चिकटून, एका घरात ठिणगी पडली की आळीच्या आळी जाते, या मोरी भागात अख्खी गावं जळाल्याच्या घटना झाल्यात. घर गेलं तरी वर्षाचं धान्य राहावं म्हणून कोठार लांब. म्हणून गावात सिगरेट पेटवू नका, शेकोटी तुमच्या मनाने कुठेही लावू नका, मेणबत्ती लाकडी फळीवर ठेवून झोपू नका. हा शिष्टाचाराचा प्रश्न नाही, त्यांच्या जगण्याचा आहे.

बाया शेतात किंवा चाऱ्याचा भारा पाठीवर घेऊन येताना दिसतील, म्हातारे पुरुष उन्हात बसून किंवा चालता चालतासुद्धा तकलीवर लोकर कातत असतात. त्या लोकरीचे कोट घरीच होतात. फोटो काढायचाय तर आधी थांबा, नमस्ते म्हणा, दोन वाक्यं बोला, मग विचारा, आणि नाही म्हणाले तर नाही. बायकांना दीदी, म्हाताऱ्यांना ताऊजी, गाइडला भैजी, हिंदी सगळ्यांना येते. घरात कोण कोण असतं, लग्नाच्या पद्धती काय, पूर्वी इथे म्हणे असं होतं का, असले इंटरनेटवर वाचलेले प्रश्न पाहुणा म्हणून गेलेल्या घरात विचारू नका. मुलं मागे लागतात, टॉफी दो, मीठाई दो. देऊ नका. वाईट वाटतं पण ही सवय आपल्यासारख्या ट्रेकर्सनीच लावलेली आहे आणि दातांचा डॉक्टर तिथून एक दिवसाच्या अंतरावरही नाही. द्यायचंच असेल तर वह्या, पेन्सिली, रंगपेट्या घेऊन जा आणि शाळेत मास्तरांच्या हातात द्या, ते सगळ्यांना वाटतील.

जेवणाचं आता. मुक्कामाच्या घरी आधीच सांगा की तुम्ही जे खाता तेच द्या. नाहीतर ते बिचारे पाहुणे म्हणून मॅगी आणि ब्रेड आणून ठेवतात. या दरीचा राजमा म्हणजे एक वेगळंच प्रकरण आहे, छोटा दाणा, चुलीवर तासन्‌तास शिजतो आणि मग असा मऊ होतो की जिभेवर विरतो, त्यात कांदा टोमॅटोचा मारा नसतो, थोडं जिरं, लसूण, हिरवी मिरची, बस. सोबत मंडुव्याची रोटी, मंडुवा म्हणजे नाचणी, त्यामुळे नाचणीची भाकरी खाणाऱ्याला पहिल्या घासाला ओळख पटते, वर घरचं तूप. रामदान्याची रोटी मिळाली तर सोडू नका. बटाटा तिथलाच, पालेभाजी तिथलीच. चुलीजवळ बसायला बोलावलं तर जा, पण बूट बाहेर आणि चूल ओलांडून पलीकडे जाऊ नका, कुठे बसायचं ते दाखवतील तिथेच बसा.

गंगाडहून ओसला अर्ध्या दिवसाची चाल आहे. शेवटी पूल आणि मग गावाकडे खडा चढ, तेवढा दम खाऊन करा. ओसला साधारण २५०० मीटरवर, उतारावर वसलेलं, पलीकडच्या काठाला खाली सीमा. इथे दोन रात्री राहा, एक दिवस काही न करता.

काही न करता म्हणजे काय करायचं, तर घराट बघायला जा. घराट म्हणजे पाण्यावर चालणारी पिठाची गिरणी. ओढ्याचं पाणी चर खणून वळवलेलं असतं, ते पोखरलेल्या लाकडी पन्हाळीतून जोरात खाली येतं आणि खाली आडव्या चाकाच्या पात्यांवर आदळतं, चाक फिरलं की त्याच्या उभ्या दांड्याला जोडलेलं वरच्या खोलीतलं जातं फिरतं. जात्यावर टोपलीतून धान्य पडतं, आणि टोपलीला एक काठी अडकवलेली असते जिचं दुसरं टोक फिरणाऱ्या दगडावर टेकलेलं, दगड फिरला की काठी थडथडते आणि त्या थडथडीने दाणे एक एक करून पडतात. पाणी कमी झालं, दगड हळू झाला की दाणेही आपोआप कमी पडतात. ना वीज, ना मोटर, कोणी शेजारी उभं राहायची गरज नाही, धान्य टाकून बाई शेतावर जाते आणि संध्याकाळी पीठ घेऊन जाते. आत गेलात तर सगळं पांढरं, पिठाचा गरम वास, आणि पायाखालून पाण्याचा आवाज. काठीला हात लावू नका मात्र, ती बरोबर बसवलेली असते.

आता देऊळ. ओसल्याच्या देवळाला बाहेरचे लोक सरसकट दुर्योधनाचं मंदिर म्हणतात, तुम्हीही तेच वाचून गेला असाल. गावात मात्र विचारलंत तर सोमेश्वर असंच सांगतील, आणि बरेच जण दुर्योधन हे नाव काढलं की नाराज होतात. तुम्ही सोमेश्वरच म्हणा. कौरव पांडवांच्या कथा या भागात सगळीकडे आहेत, नेटवाडजवळ देवरा गावात कर्णाचं देऊळ आहे, आणि समोर दिसणारी स्वर्गारोहिणी म्हणजे युधिष्ठिर कुत्र्याला घेऊन स्वर्गाला गेला तो पर्वत अशी श्रद्धा. नेटवाडला पोखू देवता आहे, न्यायाचा देव, त्याच्याकडे पाठ करून पूजा करतात, तोंड करून नाही. सोमेश्वराची डोली आळीपाळीने गावोगाव फिरते, ज्या गावात देव आला तिथे उत्सव, नाच, ढोल आणि रणसिंगं. आळंदी देहूच्या पालखीला वाटेतल्या गावांनी वाट बघावी तशीच ही गावं आपल्या पाळीची वाट बघतात. तुमच्या मुक्कामात डोली असेल तर नशीब समजा, पण बाजूला उभे राहा, मोबाइल खिशात ठेवा आणि नाचायला हाताला धरून नेलं तर जरूर जा. देवळाच्या लाकडी कोरीव कामाला हात न लावता बघा, चामड्याचा पट्टा, पाकीट घेऊन जवळ जाऊ नका आणि आत जायचं की नाही हे गावकऱ्यांनाच विचारा, ते सांगतील तिथे थांबा. तिकडे देव म्हणजे गावातला सगळ्यात मोठा माणूस आहे असंच वागतात, भांडणं त्याच्यापुढे सुटतात, पेरणीचे, सणाचे दिवस त्याला विचारून ठरतात.

ओसल्याच्या पुढे शेतं संपतात आणि कलकत्तियाधारचा चढ लागतो. हा ट्रेकमधला खरा चढ. हळू, छोटी पावलं, नाकाने श्वास, दर वीस मिनिटांनी दोन घोट पाणी. धार चढून आलात की दरीचा फाटा समोर दिसतो, उजवीकडे रुइनसारा तालाची (ताल म्हणजे तळं) दरी आणि समोर हर की दूनची, वर काळानाग ६३८७ मीटर, बंदरपूंछ ६३१६ मीटर. मुक्काम इथेच आसपास ठरलेल्या कॅम्पच्या जागेवर करा, तीन हजार मीटरच्या जवळपास. बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, रात्री राहायला उत्तराखंड हायकोर्टाने २०१८ मध्ये बंदी घातलीय, तंबूखाली गवत मरतं आणि कचरा साठतो म्हणून, तेव्हा "वरच राहू की, कोण बघतंय" असं करू नका. मेंढ्यांचे कळप दिसले तर लांबून जा, त्यांच्याबरोबरचे भोटिया कुत्रे गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालून असतात, बिबट्याशी भिडणारे कुत्रे आहेत ते, लाडात येऊन हात पुढे करू नका.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघून हर की दून बघून परत खाली यायचं. वाटेत धबधबा, मग भोजपत्राची झाडं सुरू होतात, कागदासारखी साल सुटत असते, ती सोलू नका, झाडाला इजा होते. एकदम दरी उघडते, दोन बाजूंनी दोन प्रवाह येऊन मिळतात, एक जौंधार ग्लेशियरकडून, एक मरिंदा तालाच्या बाजूने, आणि समोर स्वर्गारोहिणी, ६२५२ मीटर. अंगात ताकद असेल तर मरिंदा तालापर्यंत जाऊन या, नसेल तर तिथेच दगडाला टेकून तासभर बसा, दोन्ही सारखंच मोलाचं आहे. बाराच्या आत परत फिरा, दुपारनंतर हवा बदलते.

उंचीचं नीट समजून घ्या, हा भाग वगळू नका. तीन हजार मीटरच्या वर गेलं की झोपायची उंची दिवसाला पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही असा नियम आहे. ओसल्याहून थेट हर की दूनला जाऊन झोपलात तर एका दिवसात हजार मीटर होतात, म्हणून वर सांगितलं की झोपायला खाली या. डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं ही सुरुवातीची लक्षणं. अशा वेळी वर जायचं नाही, आहे तिथे थांबायचं, पाणी प्यायचं, आणि कमी झालं नाही तर खाली उतरायचं. तोल जायला लागला, बोलताना गोंधळ व्हायला लागला, बसल्या जागी धाप लागली किंवा खोकल्यात फेस आला तर रात्र असो पाऊस असो, ताबडतोब खाली. गोळी घेऊन वर चढत राहणं हा उपाय नाही. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची की नाही हे पुण्यातच तुमच्या डॉक्टरांना विचारा, बीपी, दमा, हृदयाचा काही त्रास असेल तर नक्कीच. आणि लक्षणं लपवू नका, ग्रुप खोळंबेल म्हणून गप्प बसणारा माणूसच सगळ्यात धोक्यात असतो, त्यामुळे ग्रुपलीडरने रोज संध्याकाळी प्रत्येकाला समोर बसवून विचारायचं. मोठं हॉस्पिटल डेहराडूनलाच आहे आणि तिथपर्यंत पोचायला अख्खा दिवस जातो.

कचरा, ओला टिश्यू आणि सॅनिटरी पॅडसकट, पिशवीत बांधून सांक्रीच्या खाली आणायचा. ओसल्यात कचऱ्याची गाडी येत नाही, तुम्ही टाकलेलं बिस्किटाचं पाकीट एकतर ओढ्यात जातं नाहीतर चुलीत, आणि ओढ्याचंच पाणी पुढे घराटाला आणि प्यायला. साबण लावून नदीत अंघोळ करू नका.

उतरताना ओसल्यात पुन्हा थांबाल तेव्हा राजमा आणि रामदाना त्याच घरातून विकत घ्या. भाव करत बसू नका, पुण्यात मॉलमध्ये पहाडी राजमा म्हणून जो दर लावतात त्यातलं शेतकऱ्याला काय मिळतं याचा हिशोब करा आणि मागतील ते द्या. घरी आणल्यावर रात्रभर नव्हे, बारा तास तरी पूर्ण भिजवा, आणि कुकरला शिट्ट्या मारण्यापेक्षा मंद आचेवर ठेवा.

वेळ असेल तर परतताना मोरीहून टोन्सच्या काठाने हनोलला जा, महासू देवतेचं लाकडी देऊळ, रवाईं आणि शेजारचा जौनसार भाग, दोन्हीकडचे लोक ज्याला मानतात तो हा देव. तिथून त्यूणी, विकासनगरमार्गे डेहराडूनला उतरता येतं, म्हणजे आल्या रस्त्यानेच परत असं होत नाही. आणि डेहराडूनहून परतीचं रिझर्व्हेशन सांक्रीहून उतरायच्या दिवशीचं कधीच करू नका, मधे एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. दरड आली तर तो दिवस त्यात जाईल, आणि नाही आली तर गंगाडला अजून एक रात्र राहा.